ट्यूब पेटत नाही म्हणून आधी ट्यूबच कशाला बदलता?

आमच्या शेडमध्ये ट्यूबलाइटच्या १४ पट्ट्या आहेत, सगळ्या चार फुटी, त्यातल्या निम्म्या वडिलांनी पहिला लेथ घेतला तेव्हाच्या. दरवर्षी जून संपता संपता एक सकाळ अशी येते की बटणं दाबली की चारपाच पेटतात, तीन डोळे मिचकावत बसतात, एकीची फक्त टोकं लाल होऊन राहतात आणि बाकीच्या ढिम्म. मग पोरगं जातं दुकानात, ट्यूब घेऊन येतं, ती लावली तरी तेच, मग परत जाऊन स्टार्टर, मग चोक, आणि शेवटी कळतं की होल्डरची पत्ती गंजली होती. खर्च झाला तीन वस्तूंचा आणि दोष होता पॉलिश पेपरने घासून जाईल एवढा. हे मी स्वतः बरीच वर्षं केलंय, म्हणून हक्काने सांगतोय.

गंमत म्हणजे ट्यूब स्वतः सांगत असते तिला काय झालंय ते. फक्त बटण दाबल्यापासून पेटेपर्यंत त्या दोन-तीन सेकंदांत आत काय चालतं हे एकदा डोक्यात बसलं पाहिजे. उशिरा समजणाऱ्या माणसाला आपण ट्यूबलाइट म्हणतो ना, त्या उशिरामागे बरंच काम चाललेलं असतं बिचारीचं.

तर बघा. ट्यूबच्या दोन्ही टोकांना एकेक बारीक फिलामेंट असतं, म्हणून प्रत्येक टोकाला दोन पिना. आत हवा नाही, थोडा आर्गॉनसारखा वायू आणि किंचित पारा. वीज फेजकडून, म्हणजे जिवंत वायरीकडून, येते ती चोकमधून जाते, मग एका टोकाच्या फिलामेंटमधून, मग स्टार्टरमधून, मग दुसऱ्या टोकाच्या फिलामेंटमधून न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या वायरीला. म्हणजे सगळे एका माळेत. आता बटण दाबलं त्या क्षणी ट्यूबमधला वायू वीज सोडत नाही आणि स्टार्टरमधल्या दोन पत्त्याही एकमेकींपासून लांब असतात, त्यामुळे २३० व्होल्ट जवळपास सगळे स्टार्टरवर येतात. स्टार्टरचा डबा उघडून बघितलात तर आत काचेची छोटी बाटली असते, तिच्यात वायू आणि दोन पत्त्या, त्यातली एक दोन धातूंची जोडलेली, गरम झाली की वाकणारी. व्होल्टेज आलं की बाटलीतला वायू चमकतो, पत्ती गरम होते, वाकते, दुसरीला चिकटते. झालं, माळ पूर्ण झाली, करंट वाहायला लागला, दोन्ही टोकांची फिलामेंटं लालभडक झाली. पण पत्त्या चिकटल्या म्हणजे बाटलीतली चमक विझली, चमक विझली म्हणजे पत्ती गार व्हायला लागली, आणि सेकंदभरात ती परत सरळ होऊन सुटते. खरी करामत या सुटण्याच्या क्षणी होते.

ज्यांची शेतात मोटर आहे आणि लांबवर पाइपलाइन आहे त्यांना हे लगेच कळेल. भरधाव वाहणारं पाणी एकदम अडवलं की पाइपला कसा धक्का बसतो, कधीकधी जॉइंट निखळतो. चोक म्हणजे लोखंडी पत्र्यांवर गुंडाळलेली तांब्याची तार, तिच्यातून वाहणारा करंट एकदम तोडला की तोही असाच धक्का देतो, शेकडो व्होल्टचा, कधी हजाराच्या आसपास जाणारा. हा धक्का ट्यूबच्या दोन टोकांमध्ये बसतो आणि वायूतून ठिणगीची वाट तयार होते. पाऱ्याची वाफ डोळ्यांना न दिसणारा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश सोडते आणि काचेच्या आतली पांढरी पावडर त्याचा दिसणारा उजेड करते. ट्यूब एकदा पेटली की तिच्या दोन टोकांमध्ये फक्त शंभरेक व्होल्ट उरतात, तेवढ्यात स्टार्टरची बाटली चमकत नाही, म्हणून तो गप्प बसतो. म्हणूनच पेटलेल्या ट्यूबचा स्टार्टर काढून घेतला तरी ती चालू राहते. लहानपणी ही जादू करून दाखवून मी भाव खाल्लाय.

यातच एक गोष्ट आहे. आपली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते, त्यामुळे पत्त्या नेमक्या कोणत्या क्षणी सुटतील ते नशिबावर. करंट शून्याजवळ असताना सुटल्या तर धक्का फुसका बसतो आणि परत पहिल्यापासून. म्हणून चांगली ट्यूबही कधी पहिल्या झटक्यात पेटते, कधी तिसऱ्या. दोन-तीनदा लुकलुकणं हा आजार नाही, मिनिटभर लुकलुकणं हा आजार आहे.

आणि चोक पेटल्यानंतर काय करतो? तो नसता तर ट्यूब क्षणात गेली असती. पाटाच्या बांधाला बारीक भोक पडलं की पाणी जितकं वाहतं तितकी माती जाते, भोक मोठं होतं, मग आणखी पाणी. ट्यूबमधल्या वायूचं डिट्टो असंच, करंट वाढला की त्याचा विरोध कमी होतो, मग करंट अजून वाढतो. चोक म्हणजे वरच्या बाजूचं दार, किती पाणी सोडायचं ते तो ठरवतो. चार फुटी पट्टीला अर्ध्या अँपियरपेक्षा थोडं कमी.

आता लक्षणं बघू, पण शिडीवर चढायच्या आधी एक सांगतो आणि हे वगळू नका. नुसतं बटण बंद करून हात घालायचा नाही, एमसीबी, म्हणजे बोर्डातला त्या लाइनचा खटका, पाडायचा. जुन्या शेडमध्ये कोणीतरी कधीतरी वायरी उलट्या केलेल्या असतात आणि बटण न्यूट्रलमध्ये बसलेलं असतं, म्हणजे ट्यूब विझते पण पट्टीत फेज जिवंतच. शिवाय वर्कशॉपमध्ये शेजारशेजारच्या पट्ट्या वेगवेगळ्या फेजवर असू शकतात (का ते पुढे सांगतो), इन्व्हर्टरची लाइन तर अजूनच वेगळी, त्यामुळे एक एमसीबी पाडला म्हणजे सगळं मेलं असं समजू नका. ॲल्युमिनियमची शिडी या कामाला वापरू नये. मोठ्या जुन्या फिटिंगमध्ये वीज साठवून ठेवणारा कपॅसिटरही असतो, तो बंद केल्यावरही झटका देऊ शकतो, आणि झटक्याने माणूस मरत नसला तरी शिडीवरून खाली मात्र येतो.

सगळ्यात सोपं लक्षण म्हणजे दोन्ही टोकं सतत लाल-पिवळी आणि मधली नळी काळोखी. पत्त्या चिकटल्या त्या सुटतच नाहीयेत, किंवा स्टार्टरमधला छोटा कपॅसिटर शॉर्ट झालाय. धक्का बसायला माळ तुटायला हवी ना, ती तुटतच नाही. स्टार्टर पाव वळण फिरवून काढा. काढताक्षणी ट्यूब पेटली तर निकाल लागला, चहा-वड्याच्या पैशात काम झालं. हे तसंच राहू दिलं तर फिलामेंटं जळून दुसऱ्या दिवशी ट्यूबही जाते.

लुकलुकणं मात्र फसवं असतं, त्याची कारणं चार. स्टार्टर म्हातारा झालाय, ट्यूब म्हातारी झालीये, होल्डरमध्ये पीन नीट बसलेली नाही, किंवा व्होल्टेज कमी आहे. क्रम असा ठेवा: आधी ट्यूब होल्डरमध्ये थोडी पुढेमागे फिरवून बघा, फुकटचं काम आहे. मग शेजारच्या चांगल्या पट्टीचा स्टार्टर इकडे लावा. मग ट्यूबची टोकं बघा. टोकाला इंच-दीड इंच काळं पडलेलं असेल तर फिलामेंटवरचा लेप उडून काचेवर बसलाय, तिचे दिवस भरले. म्हाताऱ्या ट्यूबची अजून एक खोड अशी की तिला पेटून राहायला जास्त व्होल्ट लागतात, मग शंभरऐवजी इतके व्होल्ट उरतात की स्टार्टरला वाटतं अजून आपलं काम बाकी आहे, तो परत चमकतो, पत्त्या चिकटवतो, ट्यूब विझते, परत पेटते, आणि हे दिवसभर चालतं. अशात नवा स्टार्टर घातला तरी तो चार दिवसांत मरणार, दोष त्याचा नाहीच.

एकच टोक जास्त काळं आणि उजेड थरथरतोय, चोक गुरगुरतोय, असं असेल तर ती ट्यूब आजच काढा. एका टोकाचा लेप संपला की वीज एका दिशेने नीट जाते, उलट दिशेने जात नाही, आणि या एकतर्फी कारभारात चोक तापतो. ट्यूब वाचवायला जाऊन चोक घालवलेले लोक मी बघितलेत, त्यातला एक आरशात दिसतो.

उलट नव्या कोऱ्या ट्यूबमध्ये उजेड सापासारखा वळवळताना दिसला तर घाबरू नका आणि दुकानदाराशी भांडू नका, बहुतेक वेळा काही तास चालली की ते आपोआप थांबतं.

ट्यूब अजिबात दाद देत नाही, टोकंही लाल होत नाहीत, याचा अर्थ माळ कुठेतरी तुटलीये. ट्यूब काढून मल्टिमीटरने एका टोकाच्या दोन पिनांमध्ये बघा, दोन-चार ओहम दाखवले की फिलामेंट शाबूत, मग दुसरं टोक. मीटर नसेल तर ती ट्यूब चालू पट्टीत लावून बघा, त्याच्याइतकी खात्रीची टेस्ट नाही. ट्यूब चांगली, स्टार्टर चांगला, तरी ढिम्म, तर होल्डर उघडा. पितळी पत्त्या हिरव्या पडलेल्या असतात, स्प्रिंगचा जोर गेलेला असतो, पावसाळ्यात पत्र्याला पाणी सुटून थेंब नेमके तिथं पडलेले असतात. आमच्याकडं एकदा स्टार्टरच्या होल्डरमध्ये पाल वाळून खडंग झालेली सापडली होती, आणि कुंभारीण माशीने पट्टीत मातीचं घर करणं तर नेहमीचंच.

चोक शेवटी. साधा तांब्याचा चोक सहजी जात नाही, पण गेला तर दोन प्रकारे जातो. तार तुटली तर ट्यूब ढिम्म. आतल्या आत शॉर्ट झाला तर जास्त वाईट, कारण दार उघडं पडलं, नवी ट्यूब लावली की टोकं झपकन चमकून गेली. म्हणून एका पट्टीत लागोपाठ दोन ट्यूब उडाल्या की तिसरी लावू नका, चोक काढा. मीटरवर चांगला ४० वॅटचा चोक तीस-चाळीस ओहमच्या आसपास दाखवतो. जुने वायरमन मात्र सिरीज बोर्डवर १०० वॅटचा पिवळा बल्ब चोकच्या मालिकेत लावून बघतात: बल्ब मंद पेटला तर चोक ठीक, फुल्ल पेटला तर शॉर्ट, पेटलाच नाही तर ओपन, म्हणजे तार तुटलेली. मला हीच पद्धत आवडते. नुसती घूं घूं येत असेल तर बहुतेक वेळा आतले पत्रे किंवा बसवायचे स्क्रू ढिले असतात, आवळून बघा. पण डांबर वितळल्यासारखा वास आला तर बघत बसू नका, बदला. इलेक्ट्रॉनिक चोक असेल तर गोष्ट वेगळी, त्याला स्टार्टर लागतच नाही आणि बिघडला की तो दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, सरळ नवा.

इथपर्यंत एकेका पट्टीचं झालं. पण तीन-चार पट्ट्या एकदम बिघडल्या की पट्टीत हात घालूच नका, दोष लाइनमध्ये आहे. संध्याकाळी गावाकडच्या लाइनवर व्होल्टेज १८०च्या खाली गेलं की साध्या चोकवर ट्यूब पेटायला नाटकं करतात, कारण फिलामेंट पुरेसं तापत नाही आणि धक्काही लेचापेचा बसतो. शेजारच्या वेल्डरने आर्क मारला की सगळ्या पट्ट्यांनी एकदम मान टाकली, तर तुम्ही दोघं एका फेजवर आहात एवढंच. निफाडकडच्या थंडीत अजून एक प्रकार होतो, बाहेरचा पारा उतरला की ट्यूबमधला पाराही गारठतो, त्याची वाफ कमी होते आणि पहाटे शेडमध्ये ट्यूब पिवळट, मरतुकड्या वाटतात. ऊन वर आलं की आपोआप सुधारतात.

पण एका गोष्टीला घाबरायचंच. काही वर्षांपूर्वी दिवेलागणीला आमच्या शेडमधल्या अर्ध्या पट्ट्या अचानक पांढऱ्याशुभ्र झाल्या आणि बाकीच्या मलूल. पोरं खूश, म्हणाली आज लाइट जोरात आहे. मिनिटभरात चोकचा वास, मोबाइलचे दोन चार्जर फट्, एक पंखा जळाला. झालं असं होतं की आमच्याच मेन बोर्डातल्या न्यूट्रलचा लग (वायरीच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा) ढिला होऊन जळाला होता. थ्री फेजमध्ये प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० असतात, पण दोन फेजमध्ये ४०० च्या वर. मधला न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरचे दिवे एकमेकांच्या मालिकेत येतात आणि ते ४०० आपसात वाटून घेतात, तेही सारखे नाही. ज्या फेजवर लोड कमी, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट. त्यामुळे काही दिवे एकदम तेजाळले आणि काही मंदावले असं दिसलं की विचार करत न बसता मेन पाडायचा आणि वायरमनला फोन करायचा. हे काम आपलं नाही. मीही केलं नव्हतं, आमच्या वायरमन काकांनी केलं, वर म्हणाले, "वर्षातून एकदा स्क्रू आवळून घेत जा रे, बोर्ड काय देवघर आहे का हात न लावायला?"

त्यांनीच शिकवलेलं अजून एक म्हणजे टेस्टरवर भरवसा ठेवायचा नाही. पट्टीचा न्यूट्रल कुठे तुटला असेल तर फेज लोडमधून फिरून दुसऱ्या वायरीवर येतो आणि टेस्टर दोन्ही वायरींवर चमकतो, आपण म्हणतो लाइट तर येतोय! टेस्टर फेज दाखवतो, न्यूट्रल आहे की नाही ते त्याला माहीत नसतं. दोन वायरींमध्ये बल्ब किंवा मीटर लावा, मगच खरं काय ते कळतं.

आता ते वेगवेगळ्या फेजचं. ५० हर्ट्झवर साधी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंदावते आणि उजळते. डोळ्याला कळत नाही, पण लेथच्या चकला, म्हणजे काम पकडून फिरणाऱ्या तोंडाला, कळतं. चार जॉचा (पकडीच्या जबड्यांचा) चक १५०० आरपीएमला फिरतोय म्हणजे सेकंदाला २५ फेरे, म्हणजे एका फेऱ्यात उजेडाचे चार ठोके, म्हणजे प्रत्येक ठोक्याला चक बरोबर पाव फेरा पुढे, आणि एका जॉच्या जागी नेमका दुसरा जॉ. परिणाम काय, तर चक उभा असल्यासारखा भासतो! तीन जॉच्या चकचं हेच २००० आरपीएमला होतं. अगदी फोटोसारखा स्तब्ध नाही दिसत, कारण काचेवरची पावडर ठोक्याठोक्यांच्या मध्येही थोडी चमकत राहते, पण थकलेल्या माणसाला संध्याकाळी सहा वाजता फसवायला तेवढं पुरतं. १४४० च्या मोटरचा चार पात्यांचा पंखा तर सावकाश उलटा फिरताना दिसतो. म्हणून मशीनवरच्या शेजारशेजारच्या पट्ट्या तीन वेगळ्या फेजवर टाकतात, एक मंदावते तेव्हा दुसऱ्या दोन्ही सांभाळून घेतात. इलेक्ट्रॉनिक चोक हजारो हर्ट्झवर चालतो, तिथं हा प्रश्न जवळजवळ येत नाही.

मग हे सगळं कशाला, एलईडी लावा की, असं म्हणाल. बरोबर आहे, आम्हीही नऊ पट्ट्या बदलल्या. ३६ वॅटची ट्यूब अधिक साध्या चोकचे दहाएक वॅट, त्याच्या जागी २० वॅटची एलईडी, दर पट्टीमागे २६ वॅट वाचले. आमच्या नऊ पट्ट्या दहा तास चालतात, म्हणजे दिवसाला दोन युनिटच्या वर. आणि २०२३ मध्ये जिनिव्हाला पाऱ्यावरच्या मिनामाता कराराच्या बैठकीत सरळ नळीच्या ट्यूबही २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलंय, म्हणजे जुना माल पुढे मिळणं अवघडच होत जाणार.

पण जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब टाकताना गडबड होते. काही एलईडी ट्यूब चोक ठेवून चालतात, फक्त स्टार्टरच्या जागी तिच्यासोबत आलेला नकली स्टार्टर घालायचा. काहींना चोक काढून सरळ २३० द्यायचे. त्यातही काहींना फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाला लागतात, काहींना एकेका टोकाला. खोक्यावरचं चित्र बघितल्याशिवाय वायर जोडू नका, "सगळ्या सारख्याच असतात" असं दुकानदार म्हणाला तरी. आणि चोक काढलेल्या पट्टीवर मार्करने ठळक लिहून ठेवा. नाहीतर दोन वर्षांनी कोणीतरी माळ्यावरची जुनी ट्यूब आणून तिथं लावेल, आणि एकाच टोकाला फेज-न्यूट्रल असेल तर ते फिलामेंट थेट २३० वर येईल आणि फाटकन जाईल. अजून एक, स्वस्त एलईडीही सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मोबाइलचा कॅमेरा उजेडाकडं धरा, स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर ती ट्यूब गोडाउनमध्ये लावा, लेथवर नको.

काढलेल्या ट्यूब पोरांना फोडायला देऊ नका. आवाज भारी येतो हे खरं, पण आत पारा आहे आणि ती पांढरी पावडर नाकातोंडात जाते. चुकून फुटलीच तर दारं-शटर उघडून पंधरा मिनिटं बाहेर थांबा, मग जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, उरलेलं ओल्या कागदाने टिपून झाकणाच्या डब्यात भरा. झाडू आणि व्हॅक्यूम नको, त्याने पारा हवेत उडतो. पाऱ्याचे दिवे ई-कचऱ्याच्या नियमांत येतात, त्यामुळे भंगारवाल्याच्या गाडीवर आडव्या टाकून देण्यापेक्षा ई-कचरा घेणारा कोणी जवळपास आहे का ते बघा. आमच्या एमआयडीसीत तसा माणूस दोन-तीन महिन्यांनी येतो, तोवर मेलेल्या ट्यूब नव्या ट्यूबच्या रिकाम्या खोक्यात घालून कोपऱ्यात उभ्या ठेवतो, आणि खोक्यावर "मेलेल्या" असं लिहितो. हे लिहायचं कारण असं की मागच्या वर्षी आमच्या नव्या पोराने त्यातलीच एक काढून ११ नंबरच्या पट्टीत लावली आणि अर्धा तास चोक तपासत बसला.